दोन सूर खाली

३ फेब्रुवारी

खिळ्या,

प्रिय वगैरे लिहायचं की नाही ते शेवटी ठरवू. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतोस, आणि अंगठ्याशी काय बोलणार? फोनवर आपण दोघंही तिसऱ्या वाक्याला चढतो. म्हणून कागद घेतला. इथे तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

कारण अगदी किरकोळ आहे. माळा आवरताना मामाच्या कॅसेटचं खोकं सापडलं. मामा बोटीवर इंजिनात कामाला होता. सुट्टीवर येताना सोबतच्या खलाशांच्या कॅसेटवरून परदेशी मेटल आणि पंक रॉकची गाणी उतरवून आणायचा आणि एकीवरही नाव लिहायची तसदी घ्यायचा नाही. मग नावं आपणच दिली. खोक्यावर तुझ्या अक्षरात अजून आहेत: करवत, पंक्चर, लोहार, शेजारीण. जग त्या गाण्यांना काय म्हणतं ते तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं आणि मला अजूनही जाणून घ्यायचं नाही. ‘शेजारीण’ला दुसरं नाव असूच शकत नाही. दोनच सूर, पण तावातावाने, आणि आपलंच खरं या खात्रीने.

तर प्रश्न असा, की या सगळ्यांत भारी रिफ, गिटारचा तो फिरून फिरून येणारा तुकडा, कुठला? पिंपाच्या घरच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाफेत बसून आपण यावर तहानभूक विसरून भांडायचो. पिंप बिचारा ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवून आपलं संपायची वाट बघायचा. निकाल कधी लागलाच नाही. मला आता तो हवा आहे.

माझं मत ‘पंक्चर’. तू नाक मुरडशील. तीन कॉर्ड, त्याही कुणीही पहिल्या दिवशी वाजवाव्यात अशा. पण चौथ्या फेरीला गिटार मध्येच थांबते. ड्रम चालू आहेत, गाणारा बेंबीच्या देठापासून ओरडतोय, आणि गिटार नाही. मग ती परत येते तेव्हा आपणही तिच्याबरोबर ओरडतो. रिफ सुरांवर उभा राहत नाही, सूर कुठे सोडले त्यावर उभा राहतो. हे मी तेव्हाही कानीकपाळी ओरडत होते. तुला मात्र बोटं किती पळतात याचंच कौतुक.

तुझ्या दाजींनी जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. आतला पट्टा बदलू नका असं मी बजावलं होतं. पट्टा सैल म्हणून तो हळू फिरतो, आणि हळू फिरतो म्हणूनच सगळं दोन सूर खाली वाजतं. आपण शहाणे त्या टेपला गिटार जुळवत बसलो. तारा इतक्या सैल केल्या की त्या फडफडायच्या, आणि सगळं जग असंच वाजवतं अशी आपली समजूत. पुढे एका दुकानात खरं गाणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? ‘ताई, हे लोक चुकीचं वाजवतायत.’

काल खालचे लोक आवाज कमी करा म्हणून सांगायला आले होते म्हणे. बराच वेळ दार वाजवत होते. मी कामात होते, लक्ष गेलं नाही.

त्या कार्यक्रमाबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. तू स्टेजवरून तुझ्या गिटारच्या क्लासच्या पोरांना सांगितलंस की ‘लोखंडी जिना’ हा आपल्या बँडचा रिफ तुझ्या एकट्याचा आहे, मी उठून निघून गेले, आणि त्यानंतर तू इकडे फिरकला नाहीस. बस. जिना कुणाचा हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, फक्त दोघांना वेगवेगळं माहीत आहे. या पत्राचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

निकाल कळव.

ताई


१९ फेब्रुवारी

खिळ्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘करवत. आणि जिना माझा.’ एवढ्या लांबलचक पत्राला चार शब्द. तुझ्या तोंडून शब्द काढणं म्हणजे वाळूतून तेल काढणं, हे आई म्हणायची ते खोटं नव्हे.

आता ‘करवत’बद्दल. मानते. एकाच जाड तारेवर, हाताचा तळवा तारेला टेकवून, खरखर खरखर, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तळवा उचलून एक मोकळा सूर. त्या मोकळ्या सुरासाठी आधीची सगळी खरखर सोसायची. मेटलवाल्यांना हे बरोबर कळलं होतं, की आधी दाबून धरल्याशिवाय सोडण्यात मजा नाही. पंकवाल्यांकडे तेवढा धीर नव्हता, ते पहिल्यापासूनच सोडायचे. पण ‘करवत’ला एक खोड आहे. ती वाजवणाऱ्याला स्वतःच्या प्रेमात पाडते. तुझं काय झालं ते आपण बघितलंच.

‘लोहार’ मात्र गेला. परवा रेकॉर्डरने टेप गिळली. मी पेन्सिल घालून गुंडाळायला बसले, पण तिचा पार चोळामोळा झाला होता. मी इतकी रडले की हे घाबरले. एका कॅसेटसाठी बाईमाणूस एवढं रडतं का असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

यांनी मग शेजारच्या मुलीकडून मोबाइलवर ती सगळी गाणी शोधून आणली. मुलगी हुशार, मी गुणगुणले त्यावरून तिने अचूक काढली. पण मला ती चालली नाहीत. सगळी दोन सूर वर, म्हणजे बरोबर, आणि माझ्या काही उपयोगाची नाहीत. अर्धा रिफ हाती लागतो आणि अर्धा कुठे जातो कळत नाही. आपल्या चुकीच्या टेपवर सगळा मिळतो.

म्हणून एक काम कर. एकदा ये. गिटार घेऊन ये आणि निघतानाच तारा आपल्यासारख्या सैल करून ये. ‘लोहार’ वाजव, ‘करवत’ वाजव, तुझा म्हणशील तर जिनाही वाजव. का, ते विचारू नकोस. म्हातारपणी माणसाला काहीबाही वाटतं. एप्रिलच्या आत जमव.

घरी ठीक. दाजी निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात असतात, पण असून नसल्यासारखे. ड्रायव्हर होते तेव्हा प्रवाशांशी बोलू नये असा नियम होता, तो आता ते बायकोशी पाळतात. आधी रोज घरी आल्यावर कुठे गाडी अडली, कोण चढलं, कोण भांडलं, सगळं जेवताना सांगायचे. हल्ली जेवतात आणि उठतात. मीही विचारत नाही.

ताई


६ मार्च

खिळ्या,

तू फोन केलास. मी उचलला नाही म्हणून दाजींनी उचलला, आणि त्यांनी तुला सगळं सांगून टाकलं. त्यांना खोटं जमत नाही हे मला आधी सुचायला हवं होतं. आता झाकली मूठ उघडलीच आहे, तर नीट ऐक.

उजवा कान केव्हाच गेला. डाव्यात थोडं उरलं आहे. तू लगेच म्हणशील की अँप्लिफायरने गेले. आईसुद्धा म्हणायची, त्या गिटारीने बहिऱ्या व्हाल. तिचं अर्धंच खरं झालं. डॉक्टरांच्या मते मला बहिरी केलं ते डब्यांच्या कारखान्याने, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसने, ज्याच्या पगारावर आपली पहिली गिटार आली. प्रेसचा दणका मला आवडायचा हे खरं. त्या ठेक्यावरच माझा उजवा हात तयार झाला. कानात बोळे घाला म्हणून पाटी होती आणि आम्ही सगळ्या तिच्यावर ओले रुमाल वाळत टाकायचो.

आता खरी गंमत सांगते, जिला हसावं की रडावं कळत नाही. कान वरून खाली जातो. आधी वरचे आवाज गेले. पाखरं, घंटी, किटलीची शिट्टी. मग स गेला, श गेला, त आणि क गेले. माणसाचं बोलणं सगळं त्यांच्यावरच चालतं. त्यामुळे कुणी बोललं की मला भिंतीपलीकडून कुणी घुमल्यासारखं ऐकू येतं, शब्द एकही नाही. पण तळाचं अजून शाबूत आहे. ट्रक, प्रेस, आणि गिटारच्या जाड तारा. त्याही दोन सूर खाली सोडलेल्या. आई गेली, बाबा गेले, यांचा आवाज गेला, शेजारपाजार गेला, आणि या कानात ‘करवत’ जशीच्या तशी राहिली. ज्या आवाजाला सगळे गोंगाट म्हणायचे तेवढाच माझ्यापाशी उरला.

आता डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. कानाच्या आत तार घालायची, बाहेर यंत्र लावायचं. सवय झाली की माणसांचं बोलणं परत समजायला लागेल, बऱ्यापैकी. उजव्या कानात करता येत नाही का असं मी विचारलं. तो मरून फार वर्षं झाली, त्यात काही उगवायचं नाही म्हणाले. करायचं तर डाव्यातच. आणि तार आत गेली की जे तळाचं उरलंय ते बहुतेक जाणार. यंत्रातून बोलणं कळतं, संगीत कळत नाही, निदान पूर्वीसारखं नाहीच. कान तपासणाऱ्या बाईंनी मला हे तीनदा लिहून दाखवलं. त्यांना वाटलं मला समजत नाहीये. मला पहिल्या खेपेलाच समजलं होतं.

तारीख अकरा एप्रिल. अजून मी हो म्हटलेलं नाही.

ज्याला सांगते त्याला यात प्रश्नच दिसत नाही. एका पारड्यात सगळी माणसं आणि दुसऱ्यात चार कळकट कॅसेट, यात ठरवायचं काय? मीही मान हलवते. पण खिळ्या, दुपारी मी रेकॉर्डर गुडघ्यावर घेऊन बसते, डावा कान त्याला लावते, आणि ‘पंक्चर’ थांबतं, आणि परत येतं, तेव्हा मी बहिरी नसते. दिवसातला तेवढाच वेळ. ते द्यायचं आणि बदल्यात काय घ्यायचं? एका अबोल माणसाचं जेवण झालं का एवढं विचारणं? यांना विचारलं तर पाटीवर लिहितात, ‘तुझं तू ठरव.’ माझ्यासाठी कर, एवढं जरी लिहिलं असतं तरी मी केलं असतं.

मला भीती वाटते. तुला विचारायचं कारण एवढंच, की हा प्रश्न आहे हे कळणारा दुसरा कुणी मला माहीत नाही.

ताई


२ एप्रिल

खिळ्या,

पोचलास का? दाजी म्हणतात पोचल्याचा मेसेज आला. अंगठाच असणार.

तू आलास ते तारा सैल करून आलास, हे मी स्टेशनवर पिशवीची चेन उघडून आधी बघितलं आणि मग तुझ्या तोंडाकडे बघितलं. केस गेले तुझे. मला कुणी सांगितलं नव्हतं. तू काहीतरी बोललास, मला कळलं नाही, आणि तुला ते कळल्यावर तुझा चेहरा कसा पडला ते मी विसरू म्हणता विसरणार नाही. इतकी वर्षं तुला गप्प करायला मी जिवाचं रान केलं, आणि गप्प झालास तेव्हा मला मुळीच बरं वाटलं नाही.

रविवारी लाँड्री बंद असते म्हणून पिंपाने मागची खोली रिकामी करून ठेवली होती. चादरींची गाठोडी भिंतीला, इस्त्रीचं टेबल आडवं करून त्यावर अँप्लिफायर. पिंपाला आता ड्रमच्या स्टुलावर बसणं जमत नाही, स्टुलाचीच दया येते. त्याने पलंगावर बसून वाजवलं. दाजी गाडी चालवून सगळ्यांना घेऊन आले आणि माझ्यामागे गाठोड्यापाशी उभे राहिले.

तू ‘लोहार’ने सुरुवात केलीस. मी डोळे मिटले. खिळ्या, सगळा आला. एकही सूर सुटला नाही. हातोडा पडतो, मग तो जड सूर ओढत ओढत खाली जातो, आणि पूर्वी तू जो घाईत सोडायचास तो या वेळी सोडला नाहीस. म्हातारा झालास हे एक बरं झालं. ‘करवत’ला तुझी बोटं दोनदा अडखळली आणि तू मला शिवी दिलीस, ती मला ओठांवरून कळली. ‘शेजारीण’ला पिंप हसत होता. ‘पंक्चर’ मात्र मी वाजवलं. गिटार मध्येच थांबवून मी मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबून राहिले. मला बघायचं होतं की ते परत नाही आलं तर काय होतं. तू माझ्याकडे बघत होतास. मग माझाच हात पडला.

जिना आपण दोघांनी वाजवला. चढताना तू, उतरताना मी. इतकी वर्षं भांडलो तो रिफ एकट्याला वाजवता येतच नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? माझ्या तिथेच लक्षात आलं. तुला सांगितलं नाही, तू वाद घातला असतास.

नंतर तू कपड्यांना लावायच्या चिठ्ठीवर लिहिलंस ते माझ्याजवळ आहे. ‘मी तुझ्या जागी असतो तर नसतं केलं. पण माझ्या घरी बोलायला आहे कोण?’ असलं तुला लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तू गेल्यावर मी ते पुष्कळदा वाचलं. एकटा राहतोस हे मला माहीत होतं, पण तुला त्याचं काही वाटतं हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात हो म्हणून आले. शहाणपणाने नाही. आदल्या रात्री लाँड्रीतून परत येताना दाजी गाडी चालवत होते, मी शेजारी होते, आणि वाटभर माझ्या मनात एकच होतं, की हा माणूस शेवटचं काय बोललेलं मला ऐकू आलं होतं? मला आठवेना. रिफ मी एकेक करून मनात वाजवून बघितले, सगळे आठवतात. त्यांचा आवाज आठवत नाही.

ताई


३० मे

प्रिय खिळ्या,

ऑपरेशन झालं, टाके निघाले, यंत्र सुरू करून आता बरेच दिवस झाले. आधी वाईट ते सांगते.

सगळं गेलं. घरी आल्यावर पहिल्यांदा मी यंत्र लावून ‘करवत’ लावली. बादलीत खडी ओतावी तसा आवाज आला. ‘पंक्चर’ही खडी, ‘शेजारीण’ही खडी. यंत्र काढून कान रेकॉर्डरला लावला, तर तिथे काहीच नाही. हात लावला तेव्हा कळलं की टेप फिरते आहे. मला वाटलं होतं माझी तयारी झाली आहे. या गोष्टीची तयारी होत नसते.

जिना आता तुझा. भांडण मिटलं म्हणून नाही, तू जिंकलास म्हणून तर नाहीच नाही. ज्याला ऐकू येतो त्याने तो सांभाळावा, एवढंच. पोरांना शिकव. दोघादोघांना शिकव. तारा सैल करायला लाव आणि कारण विचारलं तर सांग की ताई म्हणते असंच असतं.

बोलणं हळूहळू समजतं आहे. सुरुवातीला सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटायची, बाई कोण आणि पुरुष कोण कळायचं नाही. कान तपासणाऱ्या बाई रोज शब्द वाचायला लावतात. दुपारनंतर डोकं दुखतं म्हणून मी यंत्र काढून ठेवते. यांना ते माहीत आहे, त्यामुळे सकाळी पाटी बाजूला असते आणि दुपारी परत हातात येते. सकाळी हे समोर बसून एकेक शब्द सुटा करून बोलतात, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसे. चहा. हवा. का. मी हो म्हणते. एवढ्यासाठी ‘लोहार’ दिला का, असं माझ्या मनात येऊन गेलं. तुझ्यापासून लपवत नाही.

आज दुपारी मी यंत्र काढायचं विसरले. केसांखाली असतं, यांना दिसलं नाही. मी नळाखाली भांडी घासत होते. हे माझ्यामागे टेबलापाशी बुटांना पॉलिश करत बसले होते, ड्रायव्हरकीची सवय अजून सुटत नाही. आणि मागे कुणीतरी बोलायला लागलं. मला वाटलं कुणी आलं असेल. पण हेच बोलत होते. सुटे शब्द नाहीत, सरळ, पूर्वी जेवताना बोलायचे तसं. आज डेपोतले दोघं भेटले होते म्हणाले. एकाचा गुडघा गेला आहे. कोपऱ्यावरचं बुटांचं दुकान बंद होतंय, आता पॉलिश कुठून आणायचं. तुला सांगायचं राहिलं, परवा सोसायटीच्या बैठकीत खालच्यांनी पुन्हा टेपचा विषय काढला, मी सांगितलं आता वाजायची नाही. मग जरा थांबले. आणि खिळ्या, थांबणं काय असतं ते मला कळतं. हा माणूस आज पहिल्यांदा बोलत नव्हता. हा रोज बोलत होता. मला ऐकू यायचं बंद झाल्यापासून रोज, माझ्या पाठीशी उभं राहून, मागच्या बोलण्याला पुढचं जोडून, सगळं सांगत होता. मी वळून बघितलं की गप्प होत असेल, म्हणजे मला ऐकू आलं नाही याचं वाईट वाटू नये.

मग म्हणाले, “त्या दिवशी लाँड्रीत तुझा भाऊ वाजवत होता ना, तेव्हा तुझ्यामागे उभा राहून मी म्हटलं होतं, नको करूस ऑपरेशन. माझं काय, मी असाच बोलत राहीन. मला आता सवय झालीय.”

ब्रश थोडा वेळ चालला.

“तू किती खूश होतीस,” म्हणाले.

माझ्या हातात पातेलं होतं. मी वळले नाही. वळले असते तर ते थांबले असते. मी फक्त नळ बंद केला, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल.

ताई